घरच्या घरी आल्याची बिअर: नवी मुंबई-ठाण्याच्या हवेत सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सहा वर्षं मी नेरूळच्या माझ्या स्वयंपाकघरात आल्याची बिअर, म्हणजे आलं-साखरेचं पाणी थोडं आंबवून केलेलं फसफसतं पेय, करते आहे. पहिल्यांदा आमच्याच इमारतीतल्या चार घरांत ती आंबवायला लागणारं विरजण दिलं. तिथून ते सानपाड्याला गेलं, ऐरोलीला गेलं, खाडीपलीकडे ठाण्यात नौपाड्यालाही पोचलं. विरजण गेलं की मागून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. परदेशी कृती थंड हवेसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे त्या जशाच्या तशा केल्या की काहीतरी बिघडतं, आणि बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथंच आहे.

मला खरी बिअर करायची आहे. तुम्ही सगळ्यांना आल्याच्या बिअरवरच का आणता?

कारण महाराष्ट्रात घरी बिअर करता येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. फक्त स्वतःला प्यायला करतोय, विकत नाही, ही सबब तिथं चालत नाही. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट गेली, अमेरिकेत १९७८च्या कायद्यानं मोकळीक मिळाली, तिथं दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, बिअर करता येते. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ तिथले. ते बघून मुलं माल्ट आणि हॉप्स मागवतात आणि मग मला विचारतात. मी त्यांना स्पष्ट सांगते, इथं नको.

पण बिअर करायला जे हात लागतात ते आल्याच्या बिअरमध्ये तयार होतात. यीस्ट जिवंत ठेवणं, भांडी निर्जंतुक करणं, तापमान सांभाळणं, बाटलीतला दाब ओळखणं, हे सगळं यात आहे. उद्या नोकरीनिमित्त बाहेरच्या देशात गेलात तर पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.

म्हणजे आल्याच्या बिअरमध्ये अल्कोहोल अजिबात नसतो?

असतो, थोडा. हे मी कुणापासून लपवत नाही. यीस्ट साखर खातं आणि त्यातून दोन गोष्टी होतात, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल. फसफस हवी तर दुसरी गोष्टही थोडी येणारच. एका लिटरमधली चार ग्रॅम साखर यीस्टनं खाल्ली तर साधारण पाव टक्का अल्कोहोल तयार होतो. ताकात, इडलीच्या पिठात, पिकून गेलेल्या केळ्यातही तो अंशमात्र असतो.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांत ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्यपेय धरलं आहे. राज्याच्या कायद्यातली मद्याची व्याख्या मात्र याहून रुंद आहे, तिच्यात अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव येतो. म्हणून माझी पद्धत अशी: आंबवायचं ते चवीसाठी, थोडक्यात, आणि अर्ध्या टक्क्याच्या आत थांबायचं. एवढ्यात फसफस बेताचीच येते, कोल्ड्रिंकच्या निम्म्याहून कमी. जास्त चुरचुर हवी असेल तर पेल्यात वरून साधा सोडा घालायचा. बाटलीतच कोल्ड्रिंकसारखी फसफस आणायचा हट्ट धरलात तर अर्धा टक्का मागे पडतो आणि ते पेय वेगळ्या वर्गात जातं. ज्यांना अंशमात्रही नको, त्यांनी खालच्या कृतीतलं पाणी विरजण न घालता सोड्यात मिसळून प्यावं. तेही छान लागतं.

अर्ध्या टक्क्याच्या आत आहे हे घरी कळणार कसं?

हायड्रोमीटरनं. दूध तपासायचा लॅक्टोमीटर पाहिला असेल, त्याचंच हे भावंड. पाण्यात साखर जितकी जास्त तितकी काचेची नळी वर तरंगते. दुधाचं २८ म्हणजे जसं १.०२८, तसंच इथं वाचायचं, फक्त आपल्याला १.००० ते १.१०० असा पट्टा असलेला हायड्रोमीटर घ्यायचा. बॅटरीच्या ॲसिडचा चालत नाही.

विरजण मिसळल्यावर, बाटल्या भरायच्या आधी एक आकडा घ्या. माझ्या कृतीत तो १.०३०च्या आसपास येतो. नंतर एक बाटली उघडून पुन्हा घ्या. दोन आकड्यांच्या फरकाला १३१ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. १.०३० वरून १.०२७ म्हणजे ०.००३, गुणिले १३१, म्हणजे ०.३९ टक्के. विरजणातून येणारा थोडा अंश धरला तर इथंच थांबायचं. तिसऱ्या आकड्यावर एक घर उतरणं म्हणजे जवळजवळ ०.१३ टक्के, हे लक्षात ठेवलं की गुणाकारही करावा लागत नाही.

एक खबरदारी आहे. फसफसतं पाणी तसंच मोजू नका. बुडबुडे नळीला खालून चिकटतात आणि तिला उचलून धरतात, मग आकडा खोटा येतो. नमुना दोन पेल्यांत आठ-दहा वेळा खालीवर ओतून वायू घालवा, मग मोजा. आणि दोन्ही वेळा तापमान सारखं असू द्या.

हे दर वेळी करायची गरज नाही. प्रत्येक ऋतूच्या पहिल्या एक-दोन घाण्यांना करा. मग किती तासांत बाटली किती कडक होते ते हाताला कळतं.

तुम्ही ज्याला विरजण म्हणता ते नेमकं काय असतं?

आल्याच्या सालीवर रानटी यीस्ट आणि दह्यात असतात त्या जातीचे जिवाणू असतात. आलं किसून साखरपाण्यात ठेवलं आणि रोज खाऊ घातलं की ते वाढतात. दह्याच्या विरजणासारखंच त्यातलं थोडं काढून पुढच्या घाण्याला लावायचं, म्हणून मी विरजण म्हणते.

इंग्लंडमध्ये जुन्या घरांतून दाण्यांच्या रूपातलं एक वेगळं विरजण चालत असे. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास करून १८९२ साली दाखवून दिलं की त्यात एक यीस्ट आणि एक जिवाणू एकमेकांच्या आधारानं राहतात. आपल्या बरणीतलं विरजण ते नव्हे, पण जोडीचं तत्त्व तेच. यीस्ट फसफस आणतं, जिवाणू आंबटपणा आणतात.

विरजण कसं लावायचं?

काचेच्या स्वच्छ बरणीत दोन कप उकळून गार केलेलं पाणी घ्या. त्यात एक मोठा चमचा सालासकट किसलेलं आलं आणि एक मोठा चमचा साखर घाला. ढवळा. तोंडाला मलमलीचं फडकं बांधा. रोज त्याच वेळी पुन्हा एक चमचा आलं, एक चमचा साखर, आणि ढवळणं. बस.

बरणी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवा, नाहीतर दुसऱ्या सकाळी मुंग्यांची रांग लागलेली दिसेल. फडकं नुसतं टाकू नका, रबर लावा. चिलटं बारीक फटीतूनही आत जातात.

पुस्तकात पाच ते सात दिवस लिहिलेले असतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये तिसऱ्या दिवशी सकाळी बरणी बोलायला लागते. खरंच, कान जवळ नेला की सोडा ओतल्यावर येतो तसा बारीक चर्र आवाज येतो. किसलेलं आलं सगळं वर येऊन त्याची टोपी झालेली असते, चमच्यानं ती मोडली की खालून फेस उसळतो, आणि वास आल्याचा, थोडा आंबूस, ताज्या पावासारखा. हा आवाज, ही टोपी आणि हा वास, तिन्ही आले की विरजण तयार. जानेवारीत त्याला पाच दिवस लागू शकतात.

चार दिवस झाले तरी एक बुडबुडा नाही. काय चुकलं?

बहुधा आलं. दुसरा संशय पाण्यावर, त्याचं पुढं सांगते.

भाजीवाल्याकडचं घासून पांढरंधोप केलेलं आलं टाळा. सालीवरचे सगळे रहिवासी तिथंच धुवून गेलेले असतात. थोडी माती लागलेलं घ्या, नळाखाली धरून माती घालवा, साल राहू द्या. सुंठीची पूड घालून विरजण लावायचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. सुंठ वाळताना बरंचसं जीवन संपतं. शिवाय निर्यातीचे काही मसाले विकिरण देऊन निर्जंतुक केलेले असतात. तसं काम करणारा अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट या संस्थेचा प्रकल्प आपल्या वाशीतच आहे. मसाला टिकवायला ते उत्तम, पण अशा पुडीतून विरजण उठणार नाही. सुंठ चवीला वापरा, विरजणाला ताजंच आलं हवं.

आणि बरणी एसीच्या खोलीत तर नाही ना? तेवढं एक बघा.

आलं कुठलं चांगलं?

महाराष्ट्रात साताऱ्याकडे होणारं माहीम जातीचं आलं मला सगळ्यांत आवडतं. रेषा असतात, तिखट असतं, रस भरपूर निघतो. पावसाळ्याच्या शेवटी येणारं कोवळं आलं दिसायला सुंदर पण बिअरला फिकं पडतं. कोवळंच मिळालं तर दीडपट घ्या.

नळाचं पाणी चालतं का? की बिसलेरीच हवं?

विकतच्या पाण्याची गरज नाही. नवी मुंबईचं बहुतेक पाणी पालिकेच्या मोरबे धरणातून येतं, ठाण्यात बरंचसं भातसाचं येतं. दोन्ही पिण्यासाठी क्लोरीन घालूनच येतं, आणि क्लोरीन तुमच्या यीस्टलाही जंतूच समजतं. म्हणून पाणी पाच मिनिटं खळखळ उकळा, झाकण न लावता गार होऊ द्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा तर नक्की उकळा. फिल्टरचं पाणीही चालतं.

भांडी काय लागतात?

घरात आहेत तीच. स्टीलचं मोठं पातेलं, किसणी, गाळणी, नरसाळं, काचेची बरणी. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, कारण हे पाणी आंबट होत जातं आणि आंबट धातूला खातं. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी तेलाचा अंश राहतो. तिच्यात विरजण लावू नका.

बाटल्यांच्या बाबतीत मी कडक आहे. पहिली दोन वर्षं फक्त कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरा. त्या दाब सोसण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि बोटानं दाबून आतला दाब कळतो. पाण्याची पातळ बाटली नाही, जॅमची बरणी नाही, शोभेची चौकोनी काचेची बाटली तर मुळीच नाही. प्लॅस्टिकमध्ये उकळतं पाणी ओतू नका, ती आक्रसते. साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, भरपूर विसळा, उलटी ठेवून निथळू द्या आणि त्याच दिवशी भरा.

आता प्रत्यक्ष कृती सांगा.

दोन लिटरसाठी शंभर ग्रॅम आलं, एकशे साठ ग्रॅम साखर, दोन लिंबं आणि अर्धा कप गाळलेलं विरजण.

आलं किसून एक लिटर पाण्यात साखरेसकट दहा मिनिटं मंद उकळा. झाकून पंधरा मिनिटं मुरू द्या, गाळा. उरलेलं उकळून गार केलेलं पाणी त्यात घाला. आता थांबा. घाई होते ती इथंच. पातेल्याला बाहेरून हात लावल्यावर गार लागेपर्यंत विरजण घालायचं नाही. गरम पाण्यात घातलेलं विरजण मरतं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणता की बाटली कडकच होत नाही. गार झालं की लिंबाचा रस, विरजण, एकदा ढवळणं, आणि बाटल्यांत भरणं. वर चार बोटं जागा सोडा, झाकण घट्ट लावा.

त्याच वेळी पाव लिटरची एक छोटी बाटली त्याच पाण्यानं भरा. हिला मी साक्षीदार म्हणते. दाबून बघायची ती हीच, आणि मोजायला उघडायचीही हीच.

विरजण काढल्यावर बरणीत तेवढंच पाणी, एक चमचा आलं आणि एक चमचा साखर घातली की ते पुढं चालू राहतं.

बाटल्या बाहेर किती दिवस ठेवायच्या?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो आणि दिवसांत उत्तर देणं मी सोडून दिलं आहे. यीस्टला कॅलेंडर कळत नाही, ऊन कळतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. ज्या घरात खोलीचं तापमान अठरा-वीस असतं तिथल्या बाईनं लिहिलेले तीन दिवस माझ्या मे महिन्यातल्या ओट्यावर, जिथं दुपारी तेहतीसच्या वर पारा जातो, एका दिवसात संपतात.

म्हणून साक्षीदार बाटली दाबा. भरल्यावर ती बोटाखाली सहज दबते. काही तासांनी दबते पण लगेच परत येते. पिकत आलेल्या पेरूइतकी कडक लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. दगडासारखी होईपर्यंत थांबायचं नाही, तेव्हा तुम्ही अर्धा टक्का कधीच ओलांडलेला असतो.

अंदाज हवाच असेल तर माझ्या वहीतला देते. मेमध्ये सकाळी भरली तर मी दुपारच्या जेवणानंतर दाबायला लागते आणि रात्री झोपायच्या आधी ती फ्रिजमध्ये गेलेली असते. पावसाळ्यात चोवीस तासांच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत दीड दिवस, क्वचित दोन. तुमच्या पश्चिमेच्या खिडकीनं आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबनं हे आकडे बदलतील. रात्री दाबून बघायला जमणार नसेल तर संध्याकाळी भरू नका. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे अपघात टळतात.

जागा ओट्याखालची, गॅसपासून लांबची. ओलं फडकं गुंडाळून बाटली गार ठेवायची युक्ती मार्चमध्ये चालते. जुलैत हवाच इतकी दमट असते की फडक्यातलं पाणी उडत नाही आणि गारवा येत नाही. त्यापेक्षा पाण्याच्या बादलीत उभी करा.

बाटली खरंच फुटते का?

फुटते. माझी फुटली आहे.

पहिल्याच वर्षी, मे महिन्यात, मी तारेच्या झाकणाच्या काचेच्या तीन बाटल्या भरल्या. कृतीत तीन दिवस लिहिले होते. दुसऱ्या दिवशी पुण्याला लग्न होतं, आम्ही सगळे गेलो. परत येऊन दार उघडलं तर स्वयंपाकघरात आंबूस वास, जमीन चिकट, आणि मुंग्या दारापर्यंत आलेल्या. एक बाटली फुटली होती. तिच्या गळ्याचा बोटभर लांब तुकडा समोरच्या कपाटाच्या प्लायवुडमध्ये रुतून बसला होता, माझ्या खांद्याच्या उंचीवर. सकाळी चहा करताना मी तिथंच उभी असते. उरलेल्या दोन बाटल्यांना हात लावायचं धाडस होईना. जाड गोधडी टाकून, हातमोजे घालून त्या बर्फाच्या पाण्यात ठेवल्या आणि चार तासांनी उघडल्या. तो प्लायवुडचा दरवाजा मी अजून बदललेला नाही. नवीन शिकणाऱ्यांना मी आधी तो दाखवते.

प्लॅस्टिकची बाटली फुगली तर काय करायचं? घणसोलीच्या एका मुलाचा रात्री साडेअकराला फोन आला होता.

"काकू, बाटली दगड झालीय. बूड बाहेर आलंय. उघडू का?"

"नको रे बाळा. हलवू नकोस. अलगद उचल आणि फ्रिजमध्ये उभी ठेव."

"आणि मग?"

"सकाळी सिंकमध्ये धर, वर टॉवेल टाक, झाकण तसूभर फिरव. फुस्स झालं की परत घट्ट कर. असं पाच-सहा वेळा."

गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, म्हणून थंड झाली की दाब उतरतो. गरम बाटली हलवून उघडली की अर्धी छतावर जाते. आणि हो, इतकी फुगलेली बाटली कुणाला प्यायला द्यायची नाही, तिच्यात अल्कोहोल जास्त झालेला असतो.

विरजणावर पांढरा थर आला आहे. फेकू का?

बोटानं नव्हे, डोळ्यांनी बघा. सपाट, सुरकुतलेला, सायीसारखा पांढरा पापुद्रा असेल तर ते हवेवर वाढणारं यीस्ट आहे. घातक नाही, चव मात्र उतरवतं. चमच्यानं काढा, दोन दिवस जास्त वेळा ढवळा. केसाळ, लव असलेले ठिपके दिसले, मग ते हिरवे असोत, काळे असोत वा पांढरे, तर सगळं फेका आणि बरणी उकळत्या पाण्यानं धुवा. वरचं काढून खालचं वापरायचं नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल आलेल्या घरांत हा त्रास जास्त. तेव्हा दिवसातून दोनदा ढवळा, म्हणजे वर तरंगणारं आलं कोरडं पडत नाही.

साखरेऐवजी गूळ, मध किंवा शुगरफ्री चालेल?

गूळ चालतो आणि फार सुंदर लागतो, पण त्यात यीस्टला लागणारी खनिजं जास्त असल्यानं काम जोरात होतं. आधी निम्मी साखर, निम्मा गूळ करून बघा आणि साक्षीदार बाटली लवकर दाबायला लागा. विरजणाला मात्र साखरच ठेवा. मध मला या पेयात वाया गेल्यासारखा वाटतो. शुगरफ्री यीस्टला खाताच येत नाही, त्यामुळं त्यावर फसफस येणार नाही.

कोकम, दालचिनी, पुदिना घालून बघितलं तर?

कोकम जरूर घाला. मूठभर आमसुलं आल्याबरोबर उकळा आणि लिंबू वगळा. रंग असा येतो की पाहुणे आधी पेला उजेडात धरून बघतात. आगळ घालू नका, त्यातलं मीठ यीस्टला जड जातं. बाजारातलं बाटलीबंद सरबतही नको. त्यात टिकवण्यासाठी घातलेलं सोडियम बेंझोएट तुमच्या यीस्टलाही थांबवतं. लवंग आणि दालचिनी हे मुळातच जंतू रोखणारे मसाले आहेत. विरजणात कधीच नाही, उकळतानाही अगदी थोडे. पुदिना पिताना चुरडून घालावा.

बेकरीचं यीस्ट वापरलं तर विरजणाची कटकटच नको ना?

चालतं, दोन लिटरला चिमूटभर. पण ते फार जोरात धावतं आणि पावाचा वास ठेवून जातं. आंबटपणाही येत नाही, कारण जिवाणू नसतात. मला विचाराल तर विरजणच लावा. चार दिवस थांबायचं आहे, एवढंच.

यातून विषारी दारू तर होणार नाही ना? घरचे घाबरतात.

घरच्यांची भीती समजण्यासारखी आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. तिथं लोकांच्या पोटात गेलं ते कारखान्यात वापरायचं मिथेनॉल होतं, कुणीतरी आणून मिसळलेलं. आलं आणि साखर आंबवून तसलं मिथेनॉल तयार होत नाही. पण घरी कसलंही पाणी तापवून त्याची वाफ धरायचा, म्हणजे ऊर्ध्वपातनाचा, प्रयोग कुणीही करू नये. तो बेकायदेशीर आहे, आणि बंद स्वयंपाकघरात पेटणारी वाफ कोंडणं म्हणजे आगीला बोलावणं.

मधुमेह असलेल्यांनी प्यावी का? मुलांना द्यावी का?

आंबवल्यानं साखर संपते असं समजू नका. आपण फार थोडी खर्च होऊ देतो. पाव लिटरच्या पेल्यात अठरा ग्रॅमच्या आसपास साखर उरते, म्हणजे जवळपास चार चमचे. मधुमेह असलेल्यांना मी ही देत नाही. गरोदर बाई, लहान मुलं, अल्कोहोल चालत नाही अशी औषधं घेणारे आणि धर्मानं वा व्रतानं वर्ज्य असणारे, या सगळ्यांना न आंबवलेलं आल्याचं पाणी सोडा घालून द्या. आणि पाहुण्यांना पेला हातात देण्याआधी यात काय आहे ते सांगा. माणसाला ठरवू द्या.

फ्रिजमध्ये किती टिकते?

आठवडाभर. थंडीत यीस्ट मंदावतं, मरत नाही, म्हणून तीन दिवसांनी एकदा झाकण सैल करून दाब सोडा.

सोसायटीच्या कार्यक्रमात विकू का?

नको. खाद्यपदार्थ विकायला अन्नसुरक्षा नोंदणी लागते, आणि यात अल्कोहोलचा प्रश्न वर येतोच. वाटा, विकू नका.

बिअर कशी होते ते निदान समजून तरी घ्यायचं आहे.

जरूर घ्या, विषय फार गोड आहे. सातूला मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तोच विचार: मोड येताना धान्य आपलाच पिष्ट फोडायची तयारी करतं. हे माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की पिष्टाची साखर होते. ते गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात, त्यांचा कडवटपणा गोडीला तोलतो. मग गार करून यीस्ट. बिअरच्या एल या प्रकाराला १८ ते २२ अंश लागतात, लागर या प्रकाराला त्याहून बरंच गार. आपल्या उघड्या खोलीत यातलं काहीच नीट होणार नाही. तीस अंशांत बिअरचं यीस्ट नको ते वास सोडतं.

राज्यात परवानाधारक मायक्रोब्रुअरी आहेत, पहिली २००९ साली पुण्यात सुरू झाली. बिअर प्यायचं कायदेशीर वय महाराष्ट्रात २१ आहे. ज्यांचं वय बसतं त्यांनी गर्दी नसलेल्या दुपारी अशा ठिकाणी जावं आणि टाक्यांजवळच्या माणसाला विचारावं, आज तापमान किती ठेवलंय? तुम्ही विरजण सांभाळलेलं असेल तर तो जे सांगेल त्यातला शब्द न् शब्द कळेल.

गणपतीला दहा दिवस कोकणात चाललो आहे. विरजणाचं काय करू?

निघायच्या दिवशी त्याला दोन चमचे साखर आणि एक चमचा आलं घाला, झाकण सैल लावून फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा. आल्यावर बाहेर काढा, निम्मं टाकून द्या, ताजं पाणी, आलं, साखर घाला. एक-दोन दिवसांत आवाज यायला लागेल. महिनाभर जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे द्या आणि एखाद्या कागदावर लिहून द्या: रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर, आणि झाकण घट्ट लावायचं नाही.

नाहीच जगलं तर कळवा. माझ्याकडे अर्धी वाटी नेहमी असते. नेरूळ स्टेशनला पूर्वेच्या बाजूला येऊन घेऊन जा, फक्त बाटली प्लॅस्टिकची आणा.